पाचव्या नंबरचं उत्तर

चोपन्न वर्षांच्या माणसाने कुणावर जळावं याला काही मर्यादा असावी. शेजाऱ्याच्या गाडीवर जळावं, मेहुण्याच्या केसांवर जळावं. मी गेले दोन महिने आमच्याच घरच्या कॉम्प्युटरमधल्या एका फाइलवर जळतो आहे.

आमच्या घरात गोष्टी सांगणं हे माझं खातं. लग्न असो की बारसं, जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणणारच, "चलो, आता ती वाघाची होऊन जाऊ द्या." ती गोष्ट अशी. फॅक्टरीत नोकरी लागली म्हणून माझे बाबा नव्या नवरीला घेऊन जबलपूरला आले, मदन महल स्टेशनवर उतरले, तोच टेकडीकडून वाघ आला आणि बाबांनी ट्रंकेचं झाकण बडवून त्याला पळवलं. तीस वर्षं सांगतो आहे. वाघ दरवर्षी थोडा वाढतो. ती नवी नवरी, म्हणजे माझी आई, समोर बसून ऐकत असते आणि काही बोलत नाही. याला मी संमती समजत आलो.

या हिवाळ्यात माझ्या लेकीने दुपारच्या उन्हात गच्चीवर बसून आजीला बोलतं केलं आणि ते सगळं मोबाइलवर घेतलं. मी तेव्हा ऑफिसात. आईची अट एकच होती, "माझा आवाज घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. जावांबद्दल बी बोलली आहे मी." म्हणून लेकीने ठरवलं की आजीचं बोलणं लिहून काढायचं आणि त्यातून उत्तरं देणारं एखादं छोटं भाषेचं मॉडेल घरच्याच कॉम्प्युटरवर बसवायचं, इंटरनेटशिवाय चालणारं. अशी मॉडेलं म्हणे फुकट उतरवून घेता येतात. पण आमचा कॉम्प्युटर म्हातारा, त्यात मावतील अशी लहानच हवीत, आणि लहानांत शहाणं कोण हे परीक्षा घेतल्याशिवाय कळत नाही.

परीक्षक मीच असणार, असं मी धरून चाललो होतो.

"नाही बाबा, परीक्षक आजी," लेक म्हणाली. "खरं काय ते तिलाच माहीत. आणि रूल एकच. आजीनं जे सांगितलंच नाही ते जो घुसवेल, तो बाहेर."

चार मॉडेलं, सगळ्यांना तेच प्रश्न. उत्तरं छापायची, वर नाव नाही, फक्त नंबर, म्हणजे कुणाची बाजू घेतली जाणार नाही. माझं मन काही स्वस्थ बसेना. शनिवारी ऑफिसात मी पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर टाइप केलं, अक्षरसुद्धा तसंच निवडलं, आणि रविवारी सकाळी वर ‘५’ लिहून तो कागद गठ्ठ्यात सरकवला.

बायको चष्मा लावून वाचायला बसली. "आजोबा जबलपूरला कसे आले?" एक नंबरने सरळ हिंदीत उत्तर दिलं. दोन नंबरने बाबांना जहाजातून आणलं. चार नंबर ठीक होता, पण त्याचं एक उत्तर येईपर्यंत चहा होऊन कपही विसळून झाले होते, असं लेकीने सांगितलं. तीन नंबरने लिहिलं होतं, "फॅक्टरीत नोकरी लागल्यामुळे आले. आजोबा टांगा शोधायला गेले तेव्हा आजी स्टेशनवर ट्रंकेवर बसून होत्या. परतीची गाडी कुठून सुटते हे माहीत असतं, तर मी परत निघून गेले असते, असं त्या म्हणतात. टांगा किती वेळाने मिळाला, हे त्यांनी सांगितलेलं नाही."

"बरोबर," आई म्हणाली.

मग पाचवा कागद. टेकडी आली, वाघ आला, आणि बायकोचा आवाज हसण्याने फुटला. वाघ आला की तिघी मला ओळखतील, हे एवढा विचार करून मला सुचलं नव्हतं.

आई मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "हे जे कोणी आहे ना, भलतंच बनवून राहिलं. काढ याला."

"रिजेक्ट?"

"रिजेक्ट."

हसलो मीही. पण तीन नंबरचं ते वाक्य काही गिळलं जाईना. "तू परत जाणार होतीस? मला तर कधी बोलली नाहीस."

"कधी बोलू रे? तुझा वाघ मधात येते."

तीन नंबर घरात बसवला गेला. भाचरं येतात ती आता त्याच्यापुढे बसतात. मी रोज चहानंतर त्याला उलटसुलट प्रश्न विचारू लागलो, एकदा तरी तोंडघशी पडावा म्हणून. आठव्या दिवशी सापडला! आमच्या आईबाबांची पहिली खोली मदन महलला होती म्हणाला. मी धावत आईकडे. ती मेथी निवडत होती.

"चुकला! चेरीतालला होती ना खोली?"

"चेरीतालच. मीच घोळ घातला असन सांगताना." आणि ती आपसूक पुढे बोलू लागली. "त्या खोलीत चार दिवस मी ट्रंकच नाही उघडली."

"अगं पण—" मी म्हणालो.

ती थांबली. मेथीवरचा हातही थांबला. मी एक काडी तोंडात घातली आणि चावत बसलो. कडू काडी.

"यांना वाटलं, किल्ली हरवली," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी कमानिया गेटहून किल्लीवाल्याला घेऊन आले. किल्ली माझ्या कमरेलाच होती."

"मग?"

"मग काय. तो बिचारा एवढ्या उन्हात पायी आला होता. उघडली."

दारात लेक उभी होती. "आजी, ये तो नया है! थांब, मोबाइल आणते."

"आज राहू दे," मी म्हणालो.

"काहून?" लेकीने विचारलं.

"मेथी निवडून राहिलो ना आम्ही." आणि एक जुडी मी माझ्यापुढे ओढली. तीन नंबरला सगळंच कशाला कळायला हवं?