डांबराखालचा अ‍ॅम्प्लिफायर

चेन्नईच्या मैलापुरात वयस्कर पुरुषाला कुणीही मामा म्हणतं. ज्यांच्या घरी मी जायचो त्यांना मीही मामाच म्हणायचो. बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे तंजावरकडचे मराठी. बायको गेलेली, मुलगा परदेशात. त्यांचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. शब्द जुन्या पोथीतले आणि हेल तमिळ. मी साताऱ्याकडचा, शहराबाहेरच्या आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्यात तपासणी विभागात नोकरीला. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं मी दर रविवारी सकाळी दोन गाड्या बदलून त्यांच्याकडे गाणं ऐकायला जात होतो. खरं सांगायचं तर भांडायला जात होतो.

आम्ही चौघं असायचो. एक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या मते काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर गेले आणि संगीत संपलं. एक सॉफ्टवेअरवाला होता, तो स्पीकरच्या तारेवरच अर्धा तास बोलायचा. स्पीकरखाली कडप्पा ठेवावा की वाळू भरलेलं स्टँड, यावरून या दोघांनी एकदा महिनाभर अबोला धरला होता. वीस मिनिटं गाणं वाजायचं आणि त्यावर दोन तास काथ्याकूट चालायचा, मध्ये दोनदा कॉफी. मामा मात्र फार बोलत नसत. त्यांचं मत एकच होतं, की त्यांच्याकडचा अ‍ॅम्प्लिफायर गाणाऱ्याला समोर आणून बसवतो.

तो अ‍ॅम्प्लिफायर अंबत्तूरच्या एका माणसानं बनवलेला. तिथल्या औद्योगिक वसाहतीत त्याची छोटी शेड होती. वर्षाला आठ-दहा नग बनवायचा आणि ओळखीशिवाय विकायचा नाही. आत काय आहे ते कुणाला कळू नये म्हणून सगळं सर्किट तो डांबरासारख्या काळ्या रेझिनमध्ये बुडवून टाकायचा आणि झाकणाच्या स्क्रूंवर लाख लावायचा. लाख तुटली की त्याची जबाबदारी संपली. मी एकदा त्याला सरळ विचारलं, कुठलं सर्किट वापरता? त्यानं हसून माझ्या नोकरीची चौकशी केली.

माझं डोकं फिरायचं ते इथेच. नोकरीत मी दिवसभर गुपितंच सांभाळत होतो. कारखान्यात काय तपासलं ते बायकोलाही सांगायची सोय नव्हती आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण गाणं ऐकायच्या डब्यात कसलं आलंय गुपित? ज्याच्याकडे दाखवण्यासारखं असतं तो दाखवतो, असं माझं स्पष्ट म्हणणं. मी ते दर रविवारी मामांच्या तोंडावर म्हणायचो. ते म्हणायचे, असेल.

शेवटी मी परीक्षा घ्यायची ठरवली. यंत्रांच्या पुढे मामांचंच एक वेष्टी, म्हणजे धोतर, दोरीवर टांगलं आणि मागे बसून कधी डॉक्टरांचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला, कधी मामांचा. आवाजाची पातळी मीटर लावून सारखी केली. सहा वेळा वाजवलं. मामांनी सहाही वेळा आपला बरोबर ओळखला. मी म्हणालो, काहीतरी बारीक घरघर येत असणार, त्यावरून कळतंय. अशी घरघर मला स्वतःला ऐकू आली नव्हती, हे मी बोललो नाही.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात वीज गेली आणि आली ती दणका देऊनच. त्यात मामांचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. अंबत्तूरचा माणूस आजारी पडून गावी गेलेला, तिरुनेलवेलीच्याही पलीकडे. कधी येईल ते सांगता येत नव्हतं. मार्गळीचे, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतले, गाण्याचे दिवस तोंडावर आले होते. गुडघ्यांमुळे मामांना सभांना, म्हणजे तिथल्या मैफलींना, जाणं आता झेपत नव्हतं, त्यामुळे जे काही ऐकायचं ते घरीच. त्या घरात त्यांना दुसरा सोबतीही नव्हता. तीन रविवार ते आमच्यासमोर नुसते बसून राहिले. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी माझे हात शिवशिवत होते. दोन्ही खरं आहे. मी म्हणालो, द्या माझ्याकडे. त्यांनी एकच अट घातली, की त्या माणसाला कळता कामा नये.

आवडीतल्या माझ्या क्वार्टरमध्ये गरम हवेच्या बंदुकीनं ते डांबर मऊ करत मी दोन दिवस खरवडत होतो. वासानं बायकोनं जेवणाची ताटं बाहेर व्हरांड्यात नेली. खाली निघाल्या त्या डाव्या-उजव्या बाजूंच्या दोन चिप. त्यांच्यावरचे नंबर पॉलिश पेपरनं घासून काढलेले. पण पायांची संख्या आणि बाकी जोडणी पाहून मला पाच मिनिटांत कळलं. चिप बनवणारी कंपनी जी माहितीपत्रिका फुकट वाटते, तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर हेच सर्किट छापलेलं असतं. एक चिप जळली होती. रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ती कुठल्याही दुकानात मिळते. मी आणली, बसवली आणि संध्याकाळी डबा वाजायला लागला. इतका आनंद मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

रविवारी मी तो घेऊन गेलो, सोबत माहितीपत्रिकेची झेरॉक्सही. डॉक्टर आणि सॉफ्टवेअरवाला आधीच आलेले होते. मी आधी वाजवून दाखवायला हवं होतं. ते केलं नाही. झेरॉक्स मामांच्या मांडीवर ठेवली, चित्रावर बोट ठेवून एकेक भाग समजावला आणि म्हणालो की कॉलेजातली पोरं प्रोजेक्टला हेच बनवतात. डॉक्टर पोट धरून हसले. मीही हसलो. चार वर्षांचं भांडण जिंकलो होतो.

मामांनी चष्मा लावून कागद नीट पाहिला, घडी घातली आणि मला परत दिला. मग म्हणाले, "तुम्हीं उघडलांत तें बरें केलांत. पण मला कां सांगितलांत?"

मी काहीतरी बोललो, की खरं काय ते कळलेलं बरं. त्यांनी मान डोलावली आणि कॉफी आणायला उठले.

खरं काय होतं ते घरी जाताना गाडीत माझ्या लक्षात आलं. सर्किट साधं होतं, पण त्या माणसानं जोडणी फार निगुतीनं केली होती. एकही टाका वाकडा नव्हता. वेष्टीमागून सहा वेळा ओळखलेला आवाज खराच होता. साधं म्हणजे वाईट, हे कुणी म्हटलं होतं? मीच म्हटलं होतं, आणि तेही चारचौघांत. मला माझी लाज वाटली.

पुढच्या रविवारी मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्या आवडीच्या गायिकेची सीडी लावली. ज्या माणसानं पन्नास वर्षं सभांमध्ये बसून कान तयार केला होता, तो पहिल्या आलापालाच माझ्याकडे वळला आणि विचारू लागला, "आवाज बरा आहे काय?"

मी म्हणालो, फार चांगला आहे. आणि तो चांगलाच होता. मामांनी उठून स्पीकर थोडे मागेपुढे सरकवले, परत येऊन बसले आणि पुन्हा तेच विचारलं.