चोवीस डावे मोजे

काकूंच्या घरात कडक नियम एकच होता: त्यांच्या कात्रीने कागद कापायचा नाही. कागदाने धार जाते, आणि धार गेलेली कात्री कापड कापत नाही, चावते. आणि लग्न झालं कुणाशी, तर छापखान्यात कागद कापणाऱ्या माणसाशी! पस्तीस वर्षं कात्री कपाटात कुलूपबंद राहिली, किल्ली काकूंच्या कमरेला राहिली, आणि संसार सुरळीत चालला.

मग काका निवृत्त झाले.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसे काका घरभर मदत करत हिंडू लागले. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी उंचीप्रमाणे लावले, तेव्हापासून साखर सापडेना. दोऱ्याची रिळंसुद्धा रंगाप्रमाणे नाही, आकाराप्रमाणे! काही बोलावं तर "अगं, मोजून लावलंय" हे उत्तर तयार. नाताळच्या आधीचे दोन महिने काकू घरीच कापडाच्या चांदण्या, घंटा, पक्षी शिवत. त्या दिवसांत त्यांना डोकं वर काढायला फुरसत नसे, आणि त्यात हे गृहस्थ पाठीशी उभे राहून टाके मोजत.

यंदा लेकीने फोनवर एकच मागणी केली होती. "आई, माझ्या खोलीतला बदकांचा पडदा आहे ना अजून? त्याचे छोटे छोटे मोजे शिवून दे, बारा. पाळण्यावर माळ लावायचीय. बाळाचा पहिला नाताळ आहे गं."

पडदा होता, पण उन्हाने अर्धाअधिक विरलेला. धड भाग निघाला तो नेमका चोवीस तुकड्यांपुरता: बारा मोज्यांच्या पुढच्या बाजू, बारा मागच्या. लेकीची नणंद शनिवारी दुपारी तिकडे जायला निघणार होती, तिच्याबरोबर माळ पाठवायची होती. आणि तसलं कापड आता शोधूनही मिळालं नसतं.

शनिवारी सकाळी काकू पिवळा दोरा आणायला म्हणून अर्धा तास बाहेर गेल्या. तेवढा अर्धा तास पुरला. परत येऊन बघतात तर काका टेबलापाशी छाती फुगवून उभे, आणि समोर मोज्यांचे चार सुबक गठ्ठे.

"झालं तुझं काम! आणि तुझ्या कात्रीला हातही लावला नाही हं. माझी पट्टी, माझं पातं. सहा-सहा पदर रचले आणि सपासप कापले. बघ, एक सूतभर फरक नाही."

खरंच नव्हता. काकूंनी वरचे दोन तुकडे उचलले आणि शिवायला ठेवतात तसे, बदकं आत करून, एकमेकांवर ठेवले. एकाचं पाऊल डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे. दुसरे दोन घेतले. तेच. काकांनी कापड कागदासारखं रचलं होतं, सगळ्या पदरांची छापील बाजू वर. कापडाला घडी घालून कापलं की एक डावा आणि एक उजवा आपोआप मिळतो, हे छापखान्यात कुणी शिकवत नाही. चोवीसच्या चोवीस मोजे डावे. मागची बाजू एकाचीही नाही.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, कापड म्हणजे काय कागद आहे? विचारायचं तरी! मोज्याला पाठ नको? कात्री कुलपात ठेवते ती उगाच नाही. तुमचे हात कागदाचे, ते कागदातच ठेवा!"

काकांनी पट्टी पुसली. "कागद आता कुठे आहे," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

काकूंना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला. माणसाने भांडायला तरी नीट उभं राहावं! साडेदहा वाजले होते. त्यांनी कापडाची पेटी उपसली. सगळं लाल आणि हिरवं, बदकांशेजारी एकही कापड शोभेना.

काका बाहेर आले ते छापखान्याचा निळा सदरा घेऊन. शेवटच्या दिवशी घातलेला. कॉलर विरलेली, खिशाखाली शाईचा डाग. वर्ष झालं, काकू पोतेऱ्याला मागत होत्या आणि ते देत नव्हते.

"पाठ याची चालेल? बाकी धड आहे. तूच काप."

निळ्यावर पिवळी बदकं झकास दिसत होती. काकूंनी सदरा हातात घेतला. त्यांनी कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि कात्री काकांपुढे ठेवली.

"मी?"

"मग काय शेजारी येणार? मला शिवायचेत अजून बारा. आणि याला उलटसुलट नाही, तेव्हा चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही."

तरी काका प्रत्येक तुकडा दाखवून विचारत, "हा बरोबर?" प्रत्येक वेळी काकूंना मशीन थांबवावं लागे. बारा तुकडे, बारा वेळा! शाईच्या डागाचा तुकडा त्यांनी हळूच बाजूला सारला, तो काकूंनी ओढून घेतला आणि माळेच्या मधोमध लावला.

माळ वेळेवर गेली. काका कात्री पुसून कपाटाशी उभे राहिले. "कुलूप लावू का?"

"राहू द्या टेबलावर," काकू म्हणाल्या. "पण कागद कापलात ना, तर याद राखा."