वाइंडरची गाडी कोण चालवतं

जळलेल्या मोटरीत नवी तार भरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून सगळे त्याला वाइंडर म्हणत. पंखे, पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, सगळं त्याच्या दुकानात यायचं. पण त्याचा जीव रमायचा तो मागच्या खोलीत. भंगारात निघालेली मोटरसायकल आणायची, तिचं इंजिन उपसून टाकायचं आणि त्या जागी स्वतः भरलेली मोटर अन् हाताने जोडलेली बॅटरी बसवायची, हा त्याचा नाद. या गाड्या आवाज करत नसत, पण एकदा सुटल्या की पेट्रोलवाले मागे धूळ खात राहत.

असल्या गाड्या बनवणारा गडी भलताच धाडसी असणार, असं लोकांना वाटायचं. खरं म्हणजे वाइंडरला आपल्याच गाड्यांची भीती वाटायची.

पहिली दणकट गाडी झाली तेव्हा त्याने ती मागच्या गल्लीत काढली होती. मूठ जराशी पिळली अन् पुढचं चाक उभंच राहिलं. गाडी भिंतीवर गेली, हा पाठीवर आपटला. लागलं फारसं नाही, पण तेव्हापासून मूठ पिळायची म्हटलं की मनगट ऐकेना.

"दे इकडे, मी बघते," बायको म्हणाली. ती एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. दिवसभर स्कूटरवर, सगळे रस्ते पायाखालचे. त्याचं जाकीट चढवून, काळ्या काचेचं हेल्मेट घालून ती गेली आणि परत आली ती डोळ्यांत चमक घेऊनच. "वळणावर मागचं चाक घसरतंय. आणि सुरुवातीचा झटका कमी कर, कुणाचा तरी जीव जाईल."

तेव्हापासून तसंच ठरून गेलं. तो बनवायचा, ती पळवून आणायची, ती खोड काढायची, तो सुधारायचा. दोघं अंगापिंडाने सारखीच. शेजारचा पंक्चरवाला एकदा म्हणाला, "काल पुलावर पाहिलं तुला. वाऱ्यालाही मागे टाकलंस की!"

'तो मी नव्हतो रे,' एवढंच म्हणायचं होतं. पण वाइंडर नुसता हसला. आयतं आलेलं कौतुक कुणाला कडू लागतं? घरी त्याने ते गंमत म्हणून सांगितलं. तीही हसली. "फुकटात हिरो झालास की!"

मग बाईकवाल्यांच्या क्लबाने टेकडीच्या रस्त्यावर शर्यत ठेवली आणि वाइंडरला बोलावणं धाडलं. आता नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? तो बायकोला म्हणाला, "तूच चालव ना. हेल्मेट असतंच. कुणाला कळणार नाही."

या वेळी ती हसली नाही. "कळलं तर काय बिघडेल?"

तो तारेचं टोक खरवडत बसला. शेवटी तीच म्हणाली, "बरं. गाडीसाठी चालवते."

ती पहिली आली. वर पोचताच ठरल्याप्रमाणे गाडी सरळ पाण्याच्या टाकीमागे घेतली आणि जाकीट, हेल्मेट त्याच्या हातात दिलं. हेल्मेट आतून गरम होतं, तिच्या घामाने ओलं. ते डोक्यावर चढवून तो बाहेर आला आणि सगळ्यांसमोर काढलं. लोकांनी त्याला उचलूनच धरलं. हातात करंडक दिला.

गर्दीतून सासरे पुढे आले. उभी हयात त्यांनी बस चालवली होती, मुलीला गाडी त्यांनीच शिकवली होती. शर्यतीचं कुणाकडून तरी ऐकून ते न सांगताच आले होते. त्यांनी जावयाच्या ओल्या केसांकडे पाहिलं, मग टाकीकडे पाहिलं.

"छान चालवलीत, जावईबापू," ते म्हणाले. "वळताना गुडघा फार बाहेर काढलात. आमच्याकडे एकजण तसंच करते. लहानपणापासून सांगतोय, ऐकत नाही."

आणि न थांबता निघून गेले. वाइंडरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोने भांडण काढलं नाही. पण नवी गाडी तयार झाल्यावर त्याने हाक मारली तर म्हणाली, "मला उशीर होतोय." पुढेही तेच. शेवटी त्याने स्वतःच ती गल्लीत काढली, गोगलगायीच्या चालीने. "काय रे, बॅटरी उतरली?" पंक्चरवाल्याने विचारलं. वाइंडर हो म्हणाला आणि पुन्हा एकदा स्वतःच्याच मनातून उतरला. करंडक त्याने वॉर्निशच्या डब्यांमागे सारला होता. गिऱ्हाइकं तो शोधून पुढे ठेवायची.

एके दिवशी क्लबाचा प्रमुख एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. "यांना तसलीच गाडी हवीय. मागे बसवून एक चक्कर मारून आण." पंक्चरवाला बघत उभा होता. त्याच वेळी बायको घराची किल्ली न्यायला आली, खांद्याला नमुन्यांची पेटी. वाइंडर गाडीवर बसला. माणूस मागे बसला. मुठीवरचं मनगट काही वळेना. बायकोला ते दिसलं, पण ती जागची हलली नाही.

तो खाली उतरला. "मला जमत नाही. कधीच जमलं नाही. टेकडीवर ही होती. पुलावरही हीच. मी नुसता हेल्मेट घालून पुढे आलो."

पंक्चरवाल्याला आधी थट्टाच वाटली, त्याचं हसू अर्ध्यावर विरलं. बायको किल्ली घेऊन निघून गेली.

संध्याकाळी ती म्हणाली, "अडकलास म्हणून बोललास. तो माणूस आला नसता तर?"

खोटं बोलायची आता ताकद नव्हती. "नसतो बोललो."

"बाबा तेवढ्या लांबून आले होते. त्यांना मुलीची पाठ थोपटायची होती. ती थाप तू घेतलीस."

तो सासऱ्यांकडे गेला. वाटेत बरंच काही जुळवलं होतं, पण दारात पाऊल टाकताच सगळं सांडलं. "बाबा, चुकलं," एवढंच निघालं.

सासऱ्यांनी पाणी दिलं. मग म्हणाले, "मलाही बस चालवताना भीती वाटायची. ती काही लाजायची गोष्ट नाही. दुसऱ्या गोष्टीची लाज वाटत असेल, तर ती वाटू द्या."

क्लबाने विजेत्यांच्या फलकावर त्याच्याऐवजी तिचं नाव लावलं. 'स्वतःची गाडी चालवता येईना आणि आम्हाला विकतोय' म्हणत काही गिऱ्हाइकं तुटली. वाइंडरने कुणाला उलट उत्तर दिलं नाही.

बऱ्याच दिवसांनी बायको मागच्या खोलीत आली. बोलावल्याशिवाय. नव्या गाडीवर बसून तिने ब्रेक दाबून पाहिला. "हा कच्चा आहे. घट्ट कर, मग बघते."

त्याने पाना घेतला. आता तीच गिऱ्हाइकांशी बोलते, तीच त्यांना मागे बसवून फिरवून आणते. तरी एखादा नवखा येतो आणि कौतुकाने विचारतो, "काय हो, ही तुम्हीच पळवता ना?" वाइंडर लगेच म्हणतो, "नाही, माझी बायको." आणि त्याचे कान अजून लाल होतात.