नळी नंबर चारशे

आमच्या रक्त घेण्याच्या खोलीत ताई एकवीस वर्षं सुया टोचत होत्या, पण त्यांचं नाव झालं ते एका सवयीमुळे. रक्त दिलं की नळीवरचा आपला नंबर माणसाने स्वतः वाचून दाखवायचा. "पुन्हा. मोठ्याने." तोवर खुर्चीतून उठायचं नाव काढायचं नाही. पाठीमागे सगळे त्यांना 'मोठ्यानेताई' म्हणायचे. मीसुद्धा.

धुराच्या अभ्यासासाठी चारशे जणांचं रक्त हवं होतं. निम्मे सिगारेट ओढणारे, निम्मे जन्मात न ओढलेले. आपली जनुकं तीच राहिली, तरी धुराने त्यांच्यावरच्या बारीक रासायनिक खुणा बदलतात, आणि कोणतं जनुक जागं राहणार, कोणतं झोपणार, ते या खुणांवर ठरतं. रक्तपेशींत हे सगळं दिसतं. निकाल तपासायचं काम माझं; कॉम्प्युटरवर ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी आनंदाने ओरडलेच! न ओढणाऱ्यांत शेवटी एक माणूस कमी पडला, म्हणून ताईंनी स्वतःचाच हात पुढे केला. अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरसाहेबांनी ते रक्त काढलं. नळी नंबर चारशे.

कॉम्प्युटरने खुणा पाहून नेमकी तीच नळी ओढणाऱ्यांत टाकली.

साहेबांना ते मीच सांगितलं, याचा मला आजही राग येतो. साहेब भडकले. "नळ्यांची अदलाबदल झालीय! एक बदलली तर बाकीच्यांचा काय भरवसा? सगळ्या बाद करा."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. एकवीस वर्षांत एक नळी इकडची तिकडे झाली नव्हती. "माझं रक्त पुन्हा घ्या," एवढंच त्या म्हणाल्या.

घेतलं. आठ दिवसांनी निकाल आला. तोच!

"मग तुम्ही चोरून ओढता," साहेब म्हणाले. "फॉर्मवर खोटं लिहिलंत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागारागाने मी ताईंची एकेक खूण तपासायला बसले, आणि दुपारपर्यंत राग कुठल्या कुठे पळाला. ओढणाऱ्यांत जी खूण हमखास बिघडते, ती ताईंची अगदी शाबूत होती! बिघडल्या होत्या त्या भलत्याच दोन-चार, आणि कॉम्प्युटर त्यांच्यामुळेच फसला होता. मी शोधनिबंध उपसले. पोटात असताना धूर लागलेल्या बाळांच्या रक्तात या खुणा सापडतात, आणि कधीकधी मोठेपणीही टिकतात. मी धावतच सुटले.

"ताई, तुमची आई सिगारेट ओढायची का?"

"माझी आई? रस्त्यात कुणी ओढली तरी ती नाकाला पदर लावते!"

तरी त्यांनी साहेबांसमोरच स्पीकरवर फोन लावला. "आई, इथे सगळे ऐकतायत हं," म्हणून त्यांनी विचारलं.

"तुझ्या बाबांनाही ठाऊक नव्हतं गं," आई म्हणाली. "कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आम्ही बायका ओढायचो. तू पोटात होतीस. जन्मलीस ती एवढीशी. तुला पाहिलं आणि त्याच दिवशी सोडली. पंचेचाळीस वर्षं लपवलं, आणि तुझ्या रक्ताने चुगली केली! त्याने तुला काही होणार नाही ना?"

"मी ठणठणीत आहे, आई. आज तू माझी लाज राखलीस," ताई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मीही रडले, हसत हसत.

साहेब टेबलाकडे बघत पुटपुटले, "माझं चुकलं, ताई."

ताईंनी डोळे पुसले. "पुन्हा. मोठ्याने."