आतोबांची दुसरी प्रत

जगातली सगळी भीती माणशी वाटून द्यायची ठरली असती, तर आमच्या आतोबांनी आपला वाटा घेऊन शेजाऱ्यांचाही मागून आणला असता. माझ्या आत्याचे हे यजमान बेगडेवाडीजवळच्या एका रेल्वे फाटकावर तीस वर्षं गेटमन होते. फाटक लावलं की त्याची खूण म्हणून फोनवर स्टेशन मास्तरांना एक आकडा सांगायचा आणि तो पलीकडून जसाच्या तसा परत ऐकू आल्याशिवाय हलायचं नाही, हा त्यांचा धर्म. निवृत्त होऊन वलवणला घर बांधलं तरी तो सुटला नाही. शेगडी विझवली की ते ओरडत, "गॅस बंद!" आणि घरातलं कुणीतरी "गॅस बंद!" म्हणेपर्यंत तिथंच उभे राहत. एकदा मी मुद्दाम गप्प बसलो, तर आमटी गार झाली तरी माणूस जागचा हलला नाही.

असा माणूस सत्तरीत व्हिडिओ गेमच्या जुन्या सीडींच्या प्रती काढत बसेल, हे सांगून कुणाला पटलं नसतं. माझ्या आतेभावाचं लोणावळ्यात गेम खेळायचं दुकान होतं. ते बंद करून तो दुबईला गेला आणि एक गेमचं यंत्र अन् गोणीभर सीडी मागं राहिल्या. आत्या आता माणसं विसरते. मला ती कधी स्वतःचा भाऊ समजते, कधी मीटर बघायला आलेला. पण त्यातला मोटारींचा एक गेम लावला, की रिमोट घट्ट धरते, वळण आलं की अंगानंच वळते आणि खुदकन हसते. दिवसातलं तिचं तेवढंच हसणं. नेमकी त्याच सीडीला ओल लागली. आतोबा रोज सकाळी ती खिडकीशी धरून तिच्या चंदेरी थराला पडलेली भोकं मोजत. "काल चार व्हती, आज पाच हायेत. फिरवली तर झिजल, न्हाई फिरवली तर किडल. म्या करू काय रं?" तेव्हा मात्र मला त्यांची थट्टा करवत नसे.

प्रत काढताना पंखा बंद, मिक्सर बंद, शिंकायलाही बंदी. सीडी मऊ फडक्यानं मधून कडेला सरळ पुसायची, गोल नाही, आणि वेग अगदी कमी ठेवायचा. प्रत झाली की संगणक आकड्याअक्षरांचा एक ठसा दाखवतो. दोनदा काढलेल्या प्रतींचा ठसा एकच आला, तर प्रत खरी. आमचा काही केल्या जुळेना. एक प्रत लावली तर गेम चक्क सुरू झाला. मी म्हणालो, "आतोबा, चालतंय की!"

"फाटक अर्धं लागलं तर लागलं म्हनशील व्हय?" ते कडाडले.

शेवटी मी संगणकाचा सीडी वाचणारा ड्राइव्ह उघडला. ओल तिथंही पोचली होती, भिंगावर धुरकट साय धरली होती. ती पुसून ड्राइव्ह कापडात बांधला आणि ओल टिपायला दोन दिवस इंद्रायणी तांदळाच्या डब्यात पुरला. डबा उघडला तर वारं लागेल या धास्तीनं त्या दोन दिवसांत घरात भात झाला नाही. भोकं मात्र सहा झाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पहिली प्रत निघाली. आतोबांनी ठशाचे शेवटचे चार आकडे तळहातावर लिहिले आणि मूठ मिटली. दुसऱ्या प्रतीच्या शेवटाला सीडी घरघरू लागली. ती आता तुटते की काय, ही भीती मलाही लागली. एकदाची थांबली. पूर्ण ठसा मी पडद्यावर ताडून पाहिला. जुळला होता. आतोबांना वर बघायचा धीर होईना. "वाच," ते म्हणाले.

"सात, चार, शून्य, नऊ."

त्यांनी परत म्हणायचं होतं, पण ओठ नुसतेच हलले. तेवढ्यात खाटेवरून स्वच्छ आवाज आला, "सात, चार, शून्य, नऊ."

आत्या उठून बसली होती. फाटकाजवळच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं तिनं हेच ऐकलं होतं. आतोबांकडं बघत ती म्हणाली, "फाटक लावलंसा न्हवं?"

"लावलंय," आतोबा म्हणाले.

आत्या खिडकीकडं वळली आणि पुन्हा तिच्या तिच्या जगात गेली. तळहात उघडा ठेवून आतोबा खाटेपाशी तसेच उभे राहिले, तिनं "लावलंय" म्हणण्याची वाट बघत.