गळ्याखालचा बिभीषण

सोलापूर जिल्ह्यात बिभीषणला गळ्याखाली पाहिलं नाही असा माणूस सापडणं कठीण. गळ्याच्या वरचा बिभीषण मात्र त्याच्या खाणावळवाल्याच्याही ध्यानात राहत नाही. दोन वर्षं हा पोरगा त्याच्याकडे जेवतोय, तरी तो मधूनच विचारतो, "नवीन आलास का?" बिभीषणनं आता उत्तर देणं सोडून दिलंय.

त्याचं झालं असं. बिभीषण नातेपुत्याकडच्या एका मेंढपाळ वस्तीवरचा. फोटोग्राफी आणि डिझाइन शिकायला तो सोलापुरात आला आणि दुपारनंतर मल्लिनाथअण्णांच्या फ्लेक्सच्या दुकानात काम करायला लागला. फ्लेक्सचा धंदा म्हणजे चेहऱ्यांचा धंदा. गिऱ्हाईक चेहरा घेऊन येतं. कुणाचा आधार कार्डावरचा, कुणाचा लग्नाच्या पंगतीतला, कुणाचा ट्रॅक्टरवर बसून स्वतःच काढलेला. त्या चेहऱ्याखाली बनियन असतं, नाहीतर शेजारच्याचा खांदा. आता असलं ध्यान भर चौकात वीस फुटांचं करून लावायचं तर खाली बरं अंग नको का?

पहिल्या वर्षी कॉलेजात खिडकीच्या उजेडात फोटो काढायला शिकवलं. सरावाला माणूस मिळेना, म्हणून बिभीषणनं दुकानाच्या खिडकीत स्वतःलाच उभं केलं. अण्णांनी लग्नसराईतला आपला कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट त्याच्या अंगात चढवला, मनगटावर सोनेरी घड्याळ बांधलं आणि हात जोडायला लावले. टायमर वाजला, फोटो निघाला. बघतात तर डोळे मिटलेले आणि तोंड अर्धवट उघडं. बिभीषण खट्टू झाला.

"तोंडाचं काय घेऊन बसलास?" अण्णा म्हणाले. "अंग बघ की. थेट आमदाराचं अंग आलंय."

त्यांनी तिथल्या तिथं मान कापली आणि फाइलला नाव दिलं, 'अंग फायनल'. तेव्हापासून वाढदिवस असो, निवड असो, नाहीतर भावपूर्ण श्रद्धांजली असो, मुंडकं ज्याचं त्याचं आणि गळ्याखाली बिभीषण. अण्णांनी इंटरनेटवरचीही अंगं लावून पाहिली, पण ती परमुलखातली वाटायची. एकदा एआयला सांगून अंग बनवून घेतलं, तर नमस्काराला अकरा बोटं आली, आणि उमेदवाराच्या विरोधकांनी ती चौकात उभं राहून मोजली. मग अण्णांनी कानाला खडा लावला. बिभीषणचं अंग तसं निर्दोष होतं. फक्त उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. लहानपणी एडक्यानं धडक देऊन ती मोडली होती. पण पुढाऱ्यांना वाटलं, नमस्काराची हीच नवी रीत असणार. नातेपुत्याचे बापूसाहेब तर स्टेजवर हात जोडताना करंगळी मुद्दाम बाहेर काढायला लागले, आणि त्यांचं बघून त्यांची पोरंही.

इकडे कॉलेजात पूनम मॅडम मासिकाचं मुखपृष्ठ शिकवत होत्या. मुखपृष्ठावर एकच माणूस हवा, भोवती मोकळी जागा हवी, आणि बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की याच्याशी दोन शब्द बोलावेत. मोकळी जागा बिभीषणला बघवायचीच नाही. फ्लेक्समध्ये मोकळी जागा म्हणजे कुणाचा तरी फोटो राहिला, आणि राहिलेला माणूस भांडायला येणार. त्यानं भाजीवालीचा सुरेख फोटो काढला, मग तिच्यामागे उगवता सूर्य घातला, किल्ला घातला, डरकाळी फोडणारा वाघ घातला, आणि खाली गोल चौकटींत तिच्या सगळ्या दिरा-जावांना शुभेच्छुक म्हणून बसवलं. मॅडमनी त्यातली माणसं मोजली.

"हे मासिक आहे का मिरवणूक?" शेवटी त्यांनी विचारलं.

शेवटच्या वर्षाचं काम ठरलं ते असं: आपल्या घरच्या माणसाचा फोटो आणि त्याचं मुखपृष्ठ. परीक्षक बाहेरून येणार. यात नापास झाला तर वर्ष बुडणार, आणि वर्ष बुडालं तर काय होणार हे वडिलांनी, म्हणजे मायाप्पांनी, आधीच सांगून ठेवलं होतं. "मेंढरं वाट बघत्यात," एवढंच ते म्हणाले होते. तरीही बिभीषणला फोटो काढायचा होता तो मायाप्पांचाच. एक तर त्यांचा धड असा एकही फोटो घरात नव्हता. कॅमेरा समोर आला की त्यांचा चेहरा असा थिजायचा की आधार कार्डावर ते पोलिसांनी उचलून आणल्यासारखे दिसत होते.

तो कॅमेरा घेऊन वस्तीवर गेला. मायाप्पांनी पटका नीट केला, खोकले, आणि अट घातली.

"फोटू काड. पर माजं अंग घिऊ नगंस."

"मग कुणाचं घिऊ, आबा?"

"ते पांडरं असतंय बग. बापूसायबाला हाय, सरपंचाला हाय. त्या निंगप्पा पंक्चरवाल्याला बी वाडदिसाला दिलंय. मग मलाच का न्हाय? माज्या अंगावर मेंढरं मुतल्यात, ते लोकांस्नी दावतूस व्हय?"

बिभीषणनं पूनम मॅडमनी शिकवलेलं सगळं सांगून पाहिलं. खरं अंग, खरे कपडे, खऱ्या माणसाची शान. मायाप्पा ढिम्म हलले नाहीत. पोटच्या पोरानंच आपल्याला पंक्चरवाल्यापेक्षा खाली बसवलं, असंच त्यांना वाटत होतं. शेवटी बिभीषणच्या तोंडून निघून गेलं.

"आबा, ते अंग माजंच हाय."

मायाप्पांना हसू आवरेना. "बापूसायबाचं अंग तुजं?"

बिभीषणनं मोबाइलवर बापूसाहेबांचा बोर्ड काढला आणि हात मोठे करून दाखवले. मायाप्पांनी मोबाइल डोळ्यांशी नेला. मग पोराचा हात ओढून घेतला आणि दोन्ही करंगळ्या शेजारी शेजारी धरल्या. "ही मी बसिवल्याली हाय. कळकाची कामटी बांदून," ते म्हणाले, आणि त्यांची छाती अशी फुगली, जणू पोरगा खराच आमदार झाला होता. "म्हंजी समद्या तालुक्यात तूच हुबा हायस की. अगं ए, हिकडं ये."

तानाबाई भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनीही बघितलं, त्यांनाही कौतुक वाटलं. पण त्यांचं डोकं नवऱ्यापेक्षा पुढं चालायचं.

"आन गावचं धोंडीरामआण्णा वारलं तवा बोर्ड लागला हुता की. त्यात?"

बिभीषणनं मोबाइल काढून घेतला. आईपुढं त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

"त्यात बी मीच हुतो, आये. तसल्या लई बोर्डांत हाय."

तानाबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. आपल्या धडधाकट लेकराला या लोकांनी हार घालून, खाली तारीख टाकून, गावोगाव टांगलं होतं आणि आपण बाजाराला जाता-येता त्याखालून मुकाट चाललो होतो. त्यांना रडूही येईना, इतका संताप आला.

बाजाराच्या दिवशी त्या मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन नातेपुत्याला गेल्या. श्रद्धांजलीचा बोर्ड तेव्हा एकही लागलेला नव्हता, म्हणून जो होता त्यापुढं, म्हणजे बापूसाहेबांच्या वाढदिवसाच्या बोर्डापुढं, उभ्या राहिल्या आणि पोराची दृष्ट काढायला लागल्या. "आल्याची, गेल्याची, हार घातल्याल्याची, तारीक टाकल्याल्याची," असं म्हणत त्यांनी मूठ बोर्डाच्या छातीवरून उतरवली. वरच्या मुंडक्याकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पण कार्यकर्त्यांनी व्हिडिओ काढला, 'माउलीचं प्रेम' असं लिहून सगळीकडं पाठवला, आणि बापूसाहेब स्वतः येऊन तानाबाईंच्या पाया पडले. नमस्कार करताना करंगळी बाहेर होती. ती बघून तानाबाईंच्या तोंडून "बाळा" असं निघून गेलं, आणि बापूसाहेबांचे डोळे भरून आले.

तरी तानाबाईंचा संताप उतरेना, म्हणून घरी मायाप्पांनी निकाल दिला. आधी पोराचं अंग बोर्डांवरून काढायचं, मग फोटो. तोवर कॅमेरा वस्तीवर आणायचा नाही.

काम जमा करायचा दिवस जवळ येत चालला होता. तेव्हा बिभीषणनं वडिलांनाच एसटीत बसवून सोलापूरला आणलं आणि अण्णांपुढं उभं केलं. अण्णा भला माणूस. त्यांनी चहा मागवला, ऐकून घेतलं, आणि मान हलवली.

"काढलं असतं हो मामा. पण माणसं मरायची थांबतात का? आज काढलं तर उद्या गिऱ्हाइकाला काय लावू? मला दुसरं अंग द्या, हे लगेच काढतो."

मायाप्पांनी चहा संपवला. बशी खाली ठेवली.

"माजं घ्या."

"आबा, नगं," बिभीषण म्हणाला.

"तू गप. तुजं अजून समदंच व्हायचं हाय. माजं झालंय. मला चालतंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरी मातूर सांगू नगंस. दुसरा मानूस गावला म्हनायचं."

बिभीषण पुन्हा नको म्हणायला गेला. पण अण्णांनी कपाटातून शर्ट काढलाही होता. तोच पांढरा शर्ट, तेच घड्याळ, तीच खिडकी. मायाप्पांनी हात जोडले आणि त्यांचा चेहरा ठरल्याप्रमाणे दगडासारखा झाला. ते बघून अण्णांनी त्यांची समजूत घातली.

"मामा, तोंड कसंबी ठेवा. तोंड आपण कापूनच टाकणार."

"व्हय?" मायाप्पा म्हणाले. "मग बरं."

आणि जन्मात पहिल्यांदा, कॅमेऱ्यासमोर उभं असताना, त्यांच्या चेहऱ्याला काही काम उरलं नाही. कपाळावरच्या आठ्या सुटल्या. त्यांनी छापायच्या मशीनकडं बघितलं, खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षांकडं बघितलं, आणि मग पडद्याशी झटापट करत उजेड जुळवणाऱ्या आपल्या पोराकडं बघत राहिले. नुकतं जन्मलेलं कोकरू पायांवर उभं राहायला धडपडतं तेव्हा ते असेच बघत असत. बिभीषणनं ते पाहिलं. "आबा, हात हलवू नगासा," असं सांगून त्यानं कॅमेरा हातांवरून वर नेला, आणि चेहऱ्याचे फोटो काढत सुटला. अंगाचा त्यानं एकच काढला.

मुखपृष्ठ झालं. एका बाजूला मायाप्पा आणि दुसऱ्या बाजूला नुसती मोकळी भिंत. तिथं वाघ घालायला बिभीषणचा हात दोनदा शिवशिवला, पण त्यानं तो आवरला. पूनम मॅडमनी यावेळी वर्गातल्या सगळ्यांना बोलावून ते दाखवलं. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा वर करून वाकले.

"चेहऱ्यावर इतका निवांतपणा आणलात कसा? काय सांगितलं होतं त्यांना?"

"मुंडकं कापणार म्हणून सांगितलं, सर."

परीक्षक खो खो हसले आणि त्यांनी वर्गात सर्वांत जास्त गुण दिले. बिभीषण पास झाला. मेंढरांना त्याची वाट बघायची गरज राहिली नाही.

मायाप्पांचं अंगही कामाला लागलं. बापूसाहेबांचा पुढचा बोर्ड लागला तेव्हा त्यांचे खांदे उतरलेले आणि बोटं जाडजूड झालेली पाहून लोक हळहळले. साहेब फार खचले म्हणून चार गावची माणसं त्यांना भेटायला गेली. साहेबांना करंगळी पुन्हा सरळ ठेवायची सवय करावी लागली. मायाप्पा बाजाराला गेले की बोर्डाखाली उभे राहून तंबाखू मळायचे. पोरगं सुटलं, याचं त्यांना खरंच सुख होतं.

मग एके दिवशी बिभीषण अण्णांच्या स्कूटरवरून अक्कलकोट रोडनं चालला होता. एका चौकात नवा बोर्ड लागला होता. भावपूर्ण श्रद्धांजली. वर कुणा अनोळखी म्हाताऱ्याचा चेहरा, खाली त्याच्या वडिलांचे जोडलेले हात, आणि त्याखाली दोन तारखा. त्या फोटोतली मान त्यानंच कापली होती. खाली कोण आहे आणि वर कोण, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्याला पुढं जाववेना. त्यानं स्कूटर कडेला घेतली आणि वस्तीवर फोन लावला.

"काय रं?" मायाप्पा म्हणाले. मागं मेंढरं ओरडत होती.

"काय न्हाय, आबा. जेवलासा का?"

"जेवलो की. का?"

"उगंच," असं म्हणून त्यानं फोन ठेवला, आणि स्कूटर वळवून तो सरळ दुकानात आला. 'अंग फायनल' आहे का म्हणून त्यानं अण्णांना विचारलं. ते होतंच. फ्लेक्सवाला कधी काही पुसत नाही, नुसतं दुसऱ्या फोल्डरात टाकतो.

"अण्णा, वाढदिवसाला, निवडीला आबांचंच लावा. श्रद्धांजलीला मात्र माझं चालू करा."

अण्णांनी त्याच्याकडं नीट बघितलं. बहुधा पहिल्यांदाच, गळ्याच्या वर.

"घरात कळलं तर, बाळ?"

"नाही कळू द्यायचं."

अण्णा खुर्चीवरून उठले. बिभीषण तिथं बसला, फाइल उघडली आणि झेंडूचा एक हार आणून स्वतःच्या जोडलेल्या हातांवर नीट बसवला, आईला ओळखू येऊ नयेत म्हणून.