नावघाटची मेहताब

पूल वापरात आला त्या साली, म्हणजे १९४१ साली, नावघाटावरची नाव बंद पडली. काष्टीच्या बाजारापासून कोसभर भीमेकडे उतरलं की ही वस्ती लागायची. पलीकडच्या काठाची माणसं, शेरडं, गुळाच्या ढेपा, लग्नाची वऱ्हाडं, सगळं इथूनच पार व्हायचं. नाव चालवायचा रज्जाक. त्याच्या आजापासूनचं ते काम. बाकीची वस्ती त्या नावेवरच जगत होती. कुणी हमाली करी, कुणी दोर वळी, राहीबाई वाटसरूंना भाकरी घाली. पूल झाला तो चार मैल वरच्या अंगाला, आणि बैलगाड्यांनी तिकडची वाट धरली. वर्षभरात तीस घरांपैकी एकवीस घरांना कुलपं लागली. लढाई चालू होती, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात माणसं लागत होती. पुरुष तिकडं गेले.

रज्जाक सगळ्यांत शेवटी गेला. एक पावसाळा तो उपड्या नावेशेजारी नुसता बसून राहिला. मग एके सकाळी बायकोला, मेहताबला म्हणाला, "म्हैन्याभरात येतो."

मेहताब तेव्हा सव्वीस वर्षांची होती. एक मूल झालं होतं, ते चाळीस दिवसांचं होऊन गेलं. सासू-सासरे आधीच वारलेले. राहीबाईचा नवरा आसाराम खडकीलाच होता, म्हणून दोघींचं एकमेकींकडे जाणं-येणं असे. पण राहीबाईच्या घरात तीन पोरं होती. मेहताबच्या घरात दार लावलं की कुणीच नव्हतं.

पत्रं वाचून दाखवायचे शांतवन मास्तर. नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातले, वस्तीच्या एकशिक्षकी शाळेवर नेमलेले. पहिल्या वर्षी रज्जाकची तीन पत्रं आली. सगळ्यांत मजकूर तोच: मी खुशाल आहे, तू खुशाल असशील. मेहताब ते दोनदा वाचायला लावी. पुढच्या वर्षी एकच पत्र आलं.

त्रेचाळीसच्या दिवाळीनंतर ती माहेरी कोपरगावला गेली. तिचा बाप गोदावरीच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लावायचा. लहानपणी हे सगळं तिनं केलेलं होतं, पण नवऱ्याच्या घरी पाण्याशी संबंध फक्त नावेचा, म्हणून ते मागं पडलं होतं. या खेपेला बाप चर खणत होता आणि ती बांधावर बसून बघत होती. परतताना तिनं बापाकडून बियाणं मागून घेतलं.

राहीबाईला तिनं सांगितलं, "हाताला काम न्हवतं म्हनून समदी गेली. काम झालं तर येतील."

"रज्जाकबी येतील म्हंतीस?"

मेहताब फावडं घेऊन वाळूत उतरली.

ओल लागेपर्यंत वाळू उपसायची, चरात शेणखत घालायचं, बी भिजवून फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवायचं, मोड आले की टोचायचं. मुळं ओलीपर्यंत पोचत नाहीत तोवर घागरीनं पाणी. वाऱ्यानं वाळू वेलांवर येऊ नये म्हणून तुराट्यांचा आडोसा. एकटीनं तिनं बारा चर केले. वेल हातभर झाले आणि माघात वरच्या मुलखात अवकाळी पाऊस झाला. सकाळी नदी फुगली. दुपारपर्यंत वाडीच्या जागी सपाट ओली वाळू होती.

शाळा सुटल्यावर मास्तर घाटावर आले. मेहताब एक तुराटी हातात धरून बसली होती.

"कोपरगावला जाता का वडिलांकडं?" मास्तरांनी विचारलं. "मी काष्टी स्टेशनापर्यंत येतो सोबत."

"बियाणं अर्धं ठिवलंय मी मास्तर," ती म्हणाली. "फुडल्या साली वर लावीन, दरडीच्या अंगाला."

पुढच्या वर्षी तिनं तसंच केलं, आणि वाडी धरली. चैत्रात राहीबाईनं आणि तिनं पाट्या भरून टरबुजं काष्टीच्या बाजारात नेली. दुसऱ्या आठवड्यात गिऱ्हाईक त्यांची वाट बघत उभं होतं. मग वस्तीतल्या बायका बी मागायला आल्या. मेहताबनं कुणाला नाही म्हटलं नाही, पण प्रत्येकीला एक अट घातली.

"घरच्या मान्साला बलवून घ्या. एकटीनं वाळू उपसत न्हाई. मी बगितलंय."

आसाराम आला. त्यानं आधी नाक मुरडलं आणि मग पंधरा चर खणले. पंचेचाळीसला लढाई थांबली, कारखान्यातली माणसं कमी झाली, तसे बाकीचेही परतू लागले. दोन हंगामांत चोवीस घरांत चुली पेटल्या. मास्तरांच्या शाळेत सात पोरं उरली होती, शाळा बंद करायचा हुकूम निघायच्या बेतात होता. आता चौतीस पोरं झाली आणि मास्तरांना ओसरीवर वर्ग बसवावा लागला.

रज्जाक आला नाही. उपड्या नावेपुढचा वाळूचा पट्टा मेहताबनं मोकळा ठेवला होता. दोघातिघांनी मागितला, तिनं दिला नाही. एकदा तिनं मास्तरांना पत्र लिहायला बसवलं. टरबुजं किती मोठी झाली, कोल्हे किती नासधूस करतात, आसारामची वाडी कशी आहे, सगळं सांगून झालं. मास्तर थांबले.

"आणखी?"

ती म्हणाली, "लिवा, नावेम्होरची जागा रिकामी हाय."

सत्तेचाळीसच्या चैत्रात, भर दुपारी, रज्जाक आला. अंगात खाकी पाटलोण, केस बारीक कापलेले. काठावर उभा राहून तो कितीतरी वेळ बघत राहिला. नदीच्या अंगानं अर्ध्या मैलापर्यंत हिरवं होतं आणि वाळूत माणसं काम करत होती. लोक भोवती जमले, पाठ थोपटली, निघून गेले. मेहताबनं फळ कापलं आणि त्याच्यापुढं ठेवलं.

"लई ग्वाड हाय," तो म्हणाला.

"र्‍हानार न्हवं?"

"मी यंत्रावर काम करतो आता. नाव असती तर आलो असतो. हितं वाळू उकरत मी काय करू?"

"समद्यांनी उकरली की."

तो खाली बघत बिया बोटांनी गोळा करत होता. तिनं विचारलं, "तिथं कुनी हाय का?"

"हाय," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली. एक पोरगी हाय."

मेहताबनं आणखी एक फोड कापली आणि त्याच्या हातात दिली. उन्हं कलल्यावर संध्याकाळच्या गाडीसाठी तो उठला. ती काष्टीच्या वाटेनं निम्म्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेली. डोक्यावरच्या पाटीतून तिनं दोन टरबुजं काढून त्याला दिली.

"एक पोरीला," ती म्हणाली, आणि मागं फिरली.

राहीबाईनं तिला आठ दिवस आपल्याकडं जेवायला बोलावलं. ती चार दिवस गेली. पाचव्या दिवशी पोरांची भांडणं, आसारामचं ओरडणं, राहीबाईचं हसणं ऐकत ती उंबऱ्याबाहेर थोडी थांबली आणि तशीच परत आली. त्या हंगामानंतर तिनं वस्तीतलं घर सोडून वळणापलीकडं, जिथवर कुणाच्या वाड्या पोचत नव्हत्या, तिथं दरडीवर खोपी बांधली. बी न्यायला बायका तिथं जात. कुणाचे वेल पिवळे पडले, कुणाला चर किती खोल घ्यावा कळेना, की ती येऊन बघून जाई. बसत मात्र नसे.

एकोणपन्नास साली मास्तरांची बदली झाली. निघण्याआधी ते वळणापर्यंत चालत आले. मेहताब नव्या रोपांना पाणी घालत होती.

"नवे मास्तर येतायत," ते म्हणाले. "पत्रबित्र असलं तर त्यांच्याकडं जात जा. चांगला माणूस आहे."

"कुनाला लिवू मास्तर?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

मास्तरांनी तिच्या हातातली घागर घेऊन नदीवरून चार खेपा पाणी आणलं. तिनं ते एकेका रोपाला ओंजळीनं घातलं. पाचव्या खेपेला ती म्हणाली, "बास. तुमची गाडी चुकंल."